पावती नसलेला एजंट : पॉल विरुद्ध व्हर्जिनिया, १८६९

अमेरिकेतल्या आमच्या विमा कंपनीच्या वार्षिक विवरणात ‘शेड्यूल ई, भाग ३’ नावाचं एक पान असतं. दरवर्षी १ मार्चच्या आत ते भरून द्यायचं. डावीकडे अलाबामापासून वायोमिंगपर्यंत राज्यांच्या ओळी, त्याखाली ग्वाम, पोर्तो रिको वगैरे, आणि प्रत्येक ओळीत त्या राज्याच्या ताब्यात अनामत म्हणून आमचे किती रोखे आहेत त्याचा आकडा. रकान्यांच्या दोन जोड्या असतात. एक ‘सर्व पॉलिसीधारकांच्या हितासाठी’ ठेवलेल्या ठेवींची, दुसरी ‘इतर खास ठेवीं’ची. ४७वी ओळ व्हर्जिनियाची.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका राज्याकडे ठेवलेल्या रोख्याची मुदत भरली. रोखा आमचा, त्याचं व्याजही इतकी वर्षं आमच्याच खात्यात येत होतं. पण मुद्दल हलवायचं म्हटल्यावर आधी तेवढ्याच किमतीचा नवा रोखा घ्या, तो रोखे सांभाळणाऱ्या (कस्टोडियन) बँकेत राज्याच्या नावे अडकवा, राज्याच्या अधिकाऱ्याची सही आणा, मग जुना सुटेल. सही यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी बाबांपाशी फोनवर कुरकुर केली. मुंबईत फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात त्यांची उभी हयात गेली.

“अगं, आमच्याकडे एकच खिडकी होती,” ते म्हणाले. “विमा कायद्याचं कलम ७. रिझर्व्ह बँकेत ठेव ठेवली, पावती फाइलला लावली, विषय संपला. तुमच्याकडे पन्नास खिडक्या कुणी उघडून ठेवल्या?”

कुणी, ते नाव-गावासकट सांगता येतं. व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग गाव, सॅम्युअल पॉल नावाचा एजंट, आणि त्याच्या कंपन्यांनी न ठेवलेली अनामत.

आधी शब्दांचा घोळ

अमेरिकेच्या विमा कायद्यात कंपन्यांच्या तीन जाती आहेत. ज्या राज्यात नोंदणी झाली तिथे ती ‘डोमेस्टिक’. शेजारच्या राज्यात गेली की तीच ‘फॉरेन’. आणि जी खरोखर देशाबाहेरून आलेली आहे, लंडनची, झुरिकची किंवा मुंबईची, ती ‘एलियन’. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा मला हसू आवरेना, पण कायद्याच्या पुस्तकात तो गंभीरपणे छापलेला आहे. म्हणजे न्यूयॉर्कची कंपनी रेल्वेत बसून व्हर्जिनियात उतरली की ती ‘फॉरेन’ होते. पॉलच्या खटल्यात ‘फॉरेन इन्शुरन्स कंपनी’ हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे परराज्यातली कंपनी असं वाचायचं. पुण्याच्या कंपनीला बेळगावात परदेशी म्हणावं, तसा हा प्रकार.

पीटर्सबर्ग, १८६६

पीटर्सबर्ग हे तंबाखूचं आणि रेल्वेचं गाव. उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धात जून १८६४ पासून एप्रिल १८६५ पर्यंत त्याला वेढा पडलेला होता. जवळच्या रिचमंडमधून दक्षिणेच्या सैन्याने माघार घेतली, तेव्हा २ आणि ३ एप्रिलच्या रात्री दक्षिणेच्या त्या राजधानीचा व्यापारी भाग जळून खाक झाला. दक्षिणेतल्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी आपला पैसा मोठ्या प्रमाणावर दक्षिणेच्या सरकारच्या रोख्यांत घातला होता. युद्ध संपलं त्या दिवशी ते रोखे रद्दीच्या भावाचे झाले. नवी गोदामं उभी राहत होती, त्यांना आगीचा विमा हवा होता, आणि विमा देण्याइतका पैसा उत्तरेकडे होता, मुख्यतः न्यूयॉर्क आणि हार्टफर्डमध्ये.

अशा वेळी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ३ फेब्रुवारी १८६६ रोजी कायदा केला. राज्यात नोंदलेली नसलेली कोणतीही विमा कंपनी परवान्याशिवाय इथे धंदा करणार नाही. आणि परवाना मिळण्याआधी तिने राज्याच्या ट्रेझररकडे कायद्याने ठरवलेल्या प्रकारचे रोखे ठेवायचे. रक्कम ३०,००० ते ५०,००० डॉलर, कंपनीचं भांडवल किती त्यावर. त्याच महिन्यात दुसरा कायदा आला : परवान्याशिवाय परराज्यातल्या कंपनीचा एजंट म्हणून काम केलं, तर प्रत्येक गुन्ह्याला ५० ते ५०० डॉलर दंड.

‘भांडवल किती त्यावर’ या शब्दांकडे खटल्यावर लिहिणारे फारसे बघत नाहीत. मी हिशेब खात्यातली असल्यामुळे माझी नजर तिथेच अडकते. त्याकडे नंतर येते.

व्हर्जिनियाची बाजू समजून घ्यायची तर तंबाखूच्या एका गोदामवाल्याच्या जागी उभं राहावं. गोदाम जळतं. न्यूयॉर्कहून कंपनीचं पत्र येतं की दावा बसत नाही. ज्याने पॉलिसी विकली तो एजंट गावातलाच आहे, रोज भेटतो, पण त्याच्याकडे कमिशनपलीकडे काही नाही. दावा लढायचा तर न्यूयॉर्कच्या कोर्टात, तिथला वकील लावून, तिथल्या ज्युरीपुढे, युद्धात आपण ज्यांच्याशी लढलो त्यांच्यापुढे. रिचमंडमध्ये ट्रेझररकडे त्या कंपनीचे रोखे पडून असले, की आपल्याच राज्याच्या आवाक्यात काहीतरी आहे एवढा आधार राहतो. ठेव घेणाऱ्याला मुख्य गरज असते ती अंतर मिटवण्याची. जामीन गावातला हवा, तो श्रीमंत असण्यापेक्षा हाताशी असण्याला महत्त्व. घर भाड्याने देणारा सगळा बायोडेटा बघूनही डिपॉझिट मागतोच, त्यामागे हेच असतं.

शिवाय न्यूयॉर्कच्या कंपन्या काही अमरपट्टा घेऊन आलेल्या नव्हत्या. डिसेंबर १८३५ मध्ये न्यूयॉर्क शहर पेटलं, तेव्हा तिथल्या २६ आगविमा कंपन्यांपैकी २३ बुडाल्या होत्या. तीसच वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हाताऱ्या व्यापाऱ्यांच्या आठवणीतली.

परवाना नाकारला

मे १८६६ मध्ये सॅम्युअल पॉलची न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या काही आगविमा कंपन्यांनी एजंट म्हणून नेमणूक केली. तो स्वतः व्हर्जिनियाचाच रहिवासी. त्याने रीतसर सगळं केलं. कंपन्यांची अधिकारपत्रं राज्याच्या ऑडिटरकडे दाखल केली. परवान्याचा अर्ज केला. परवाना कर भरायला पैसे पुढे केले. कायद्यातली प्रत्येक अट पाळायला तो तयार होता, एक सोडून : ट्रेझररकडे रोखे ठेवल्याची पावती. ती त्याच्याकडे नव्हती, कारण कंपन्यांनी रोखे ठेवलेच नव्हते. तेवढ्या एकाच कारणावरून परवाना नाकारला गेला.

तरीही त्याने पॉलिसी देऊ केल्या, आणि एक तर प्रत्यक्ष दिलीही, व्हर्जिनियाच्याच एका नागरिकाला. पीटर्सबर्गच्या कोर्टात खटला उभा राहिला. दंड झाला ५० डॉलर, कायद्यात बसणारा सर्वात कमी. राज्याच्या सर्वोच्च अपील कोर्टाने तो कायम केला आणि प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या घटना वाचल्या की त्यांची अतिनीटस आखणी डोळ्यांत भरते. एकच अट मोडलेली, बाकी सगळं काटेकोर. फसवणूक नाही, थकलेला दावा नाही, रागावलेला पॉलिसीधारक नाही. म्हणजे वाद शुद्ध कायद्याचा राहावा अशी व्यवस्था. १८६६ मध्येच आगविमा कंपन्यांनी आपलं राष्ट्रीय मंडळ स्थापन केलं होतं, आणि राज्याराज्यांच्या अटींना ते वैतागलेलं होतं. हा खटला धंद्याने ठरवून लढवला असं विमा इतिहासकार मानतात, आणि कागद वाचून मलाही तसंच वाटतं. ५० डॉलर भरून कुणीही मोकळं झालं असतं.

वैताग समजण्यासारखा होता. तेव्हा अमेरिकेत ३६ राज्यं होती. आपलं राज्य सोडून बाकीच्या ३५ राज्यांनी व्हर्जिनियाचाच कित्ता गिरवला असता, तर देशभर धंदा करणाऱ्या एका कंपनीचे साडेदहा लाख ते साडेसतरा लाख डॉलर पस्तीस तिजोऱ्यांत वाटले गेले असते. आग एका शहरात लागते आणि पैसे पस्तीस ठिकाणी बसून राहतात. विम्याचं सगळं गणितच जोखीम एकत्र करून पैसा हवा तिकडे वळवण्याचं, आणि ही पद्धत नेमकी त्याच्या उलटी. त्यामुळे धंद्याला हवा होता एकच केंद्रीय कायदा. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तशी विधेयकं आलीही, पण पुढे सरकली नाहीत. उरला मार्ग कोर्टाचा.

दोन मुद्दे, एक निकाल

पॉलच्या बाजूने राज्यघटनेतल्या दोन कलमांवर भर होता. पहिलं म्हणजे एका राज्याच्या नागरिकांना दुसऱ्या राज्यात तिथल्या नागरिकांसारखेच हक्क मिळतील. न्यूयॉर्कची कंपनी ही न्यूयॉर्कची नागरिक, मग तिच्याकडूनच ठेव का? दुसरं म्हणजे राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन काँग्रेसचं. न्यूयॉर्कहून व्हर्जिनियात पॉलिसी विकणं हा आंतरराज्य व्यापार, त्यात राज्याने आडकाठी घालायची नाही.

१ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल लिहिला. एकमताचा. पॉल दोन्ही मुद्द्यांवर हरला.

पहिल्यावर फील्ड यांचं म्हणणं असं : त्या कलमातला नागरिक म्हणजे हाडामांसाचा माणूस. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली वस्तू, तिला जन्म देणाऱ्या राज्याच्या हद्दीबाहेर तिला स्वतःचं अस्तित्व नाही. दुसरं राज्य तिला ओळख देतं ते सौजन्याने, आणि सौजन्याला अटी घालता येतात. राज्य तिला पूर्ण बाहेर ठेवू शकतं, ठरावीक भागापुरतं आत घेऊ शकतं, किंवा आपल्या नागरिकांशी केलेले करार पाळले जावेत म्हणून योग्य वाटेल तेवढं तारण मागू शकतं. अनामत ठेवीचा सगळा कायदेशीर पाया या एका वाक्यात आहे. आणि त्यामागची भीतीही त्यांनी लपवली नाही : एका राज्याने कंपनीला दिलेले खास हक्क दुसऱ्या राज्याला मान्य करावेच लागले, तर बाहेरच्या प्रचंड भांडवलाच्या कंपन्या त्या राज्याचा मुख्य धंदाच ताब्यात घेतील.

दुसऱ्या मुद्द्यावर त्यांनी जे लिहिलं ते पुढची ७५ वर्षं विमाधंद्याच्या मानेवर बसलं. विम्याची पॉलिसी काढून देणं हा व्यापाराचा व्यवहारच नव्हे. पॉलिसी ही बाजारात मांडायची, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गाडीने पाठवायची वस्तू नाही. तो दोन पक्षांमधला खासगी करार. एजंटाने व्हर्जिनियात पॉलिसी हातात दिली तेव्हाच तो पुरा होतो, म्हणून तो स्थानिक व्यवहार, आणि त्याला लागू कायदा स्थानिक.

इथे एक गंमत नोंदवल्याशिवाय राहवत नाही. स्टीफन फील्ड यांचे सख्खे भाऊ म्हणजे सायरस फील्ड, अटलांटिकच्या तळातून तारेची केबल टाकण्यामागचा माणूस. ती केबल कायमची चालू झाली १८६६च्या उन्हाळ्यात, पॉलची नेमणूक झाली त्यानंतर काही आठवड्यांनी. एक भाऊ लंडनचे भाव काही मिनिटांत न्यूयॉर्कला आणत होता, दुसरा सांगत होता की न्यूयॉर्कची पॉलिसी ही पीटर्सबर्गची घरगुती बाब आहे.

दुसरी गंमत जास्त कडवट आहे. ज्या राज्याचा अधिकार इतक्या ठामपणे मान्य झाला, त्या व्हर्जिनियाला निकालाच्या दिवशी काँग्रेसमध्ये जागाच नव्हती. ते लष्करी अंमलाखाली होतं. पुन्हा प्रवेश मिळाला २६ जानेवारी १८७० ला.

माझं मत

निकाल व्हर्जिनियाच्या बाजूने लागायला ‘विमा म्हणजे व्यापार नव्हे’ या वाक्याची गरज नव्हती, असं मला वाटतं. विमा हा व्यापार आहे, पण काँग्रेसने त्यात कायदा केलेला नाही तोवर पॉलिसीधारकाच्या रक्षणासाठी वाजवी तारण मागायला राज्य मोकळं आहे, एवढं म्हणून भागलं असतं. पण मग ‘वाजवी’ म्हणजे किती, हा प्रश्न कोर्टाच्या गळ्यात पडला असता. फील्ड यांनी दारच बंद केलं, म्हणजे रोज उठून दार कोण उघडतंय ते बघायला नको.

आणि ‘वाजवी’चा प्रश्न व्हर्जिनियाला अडचणीचा ठरला असता. आता त्या ‘भांडवल किती त्यावर’कडे येते. ठेव पॉलिसीधारकांसाठी असेल, तर तिचा आकडा त्या राज्यातल्या जोखमीशी जोडलेला हवा. व्हर्जिनियात किती पॉलिसी, किती हप्ते, किती रकमेचं संरक्षण. पण हा कायदा बघत होता कंपनीच्या भांडवलाकडे. म्हणजे मोठी, भक्कम, पैसे देण्याची सर्वात जास्त शक्यता असलेली कंपनी दहा पॉलिसी विकायला आली तरी तिने ५०,००० ठेवायचे, आणि लहान, डळमळीत कंपनीने हजार पॉलिसी विकल्या तरी तिला ३०,०००. तारणाचा हिशेब असा कुणी करत नाही. असा हिशेब जकात नाक्यावर होतो : मोठा ट्रक, मोठी पावती. मला वाटतं, या ठेवीत दोन हेतू एकत्र वळलेले होते. गोदामवाल्याची खरी भीती होती, आणि बाहेरच्यांसाठी उंबरठा उंच करण्याची इच्छाही होती. कोर्टाने पहिला हेतू बघून दुसऱ्यालाही पास दिला.

बाबांच्या कलम ७ शी ताडून बघा. १९३८च्या आपल्या विमा कायद्यातली ठेव शेवटच्या काळात हप्त्यांच्या प्रमाणात होती. आयुर्विम्याला भारतातल्या हप्त्यांच्या १ टक्का, सर्वसाधारण विम्याला ३ टक्के, दोन्हीकडे कमाल १० कोटी रुपये. पुनर्विम्याला, म्हणजे विमा कंपन्यांच्या विम्याला, सरळ २० कोटी. टक्का धंद्याशी जोडलेला, म्हणजे तत्त्व बरोबर. पण कमाल मर्यादेने तेही बोथट केलं. आयुर्विम्यात वर्षाचे हप्ते १,००० कोटींवर गेले, सर्वसाधारण विम्यात साधारण ३३३ कोटींवर गेले, की पुढे कितीही वाढा, ठेव तीच. शेवटी २०१५च्या दुरुस्तीने ते कलमच गेलं. सॉल्व्हन्सी मार्जिन, म्हणजे देण्यांपेक्षा जास्तीची मालमत्ता नियमाने ठरवलेल्या रकमेच्या किमान दीडपट राखण्याची अट, ते काम जास्त चांगलं करते.

निकालानंतर

राज्यांनी निकालाचा अर्थ बरोबर ओळखला. आता विम्यावर हुकमत आपली, पण प्रत्येकाने वेगळा सूर लावला तर कर्कश होईल. न्यूयॉर्कचे विमा अधीक्षक जॉर्ज मिलर यांनी बोलावणं धाडलं आणि मे १८७१ मध्ये राज्यांच्या विमा अधिकाऱ्यांची पहिली परिषद न्यूयॉर्कमध्ये भरली. आजच्या राष्ट्रीय विमा आयुक्त संघटनेचा, ‘एनएआयसी’चा, तो जन्म. मी भरते ते शेड्यूल याच संघटनेच्या नमुन्यातलं. दंड झाला पीटर्सबर्गच्या पॉलला, त्याचा फॉर्म भरते मी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागो जळलं. साठाहून अधिक विमा कंपन्या त्या आगीत बुडाल्या. एखाद्या राज्याच्या तिजोरीतले तीस-पन्नास हजार डॉलर अशा वेळी कुणाला पुरणार? शहर जळतं तेव्हा ठेव म्हणजे दर्यामे खसखस. अंतर मिटवायला ती चांगली, आपत्ती झेलायला निरुपयोगी.

ठेवींचा दुसरा दोष कंपनी बुडाल्यावर कळतो, आणि तो समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो. समजा एका कंपनीची एकूण देणी १०० आणि हाती उरलेली मालमत्ता ६०. एका राज्यातल्या पॉलिसीधारकांची देणी १०, आणि त्या राज्याने फक्त आपल्याच लोकांसाठी म्हणून १० ची खास ठेव घेऊन ठेवलेली. तिथले लोक ती ठेव उचलतात, त्यांना रुपयाला रुपया मिळतो. बाकी राज्यांतल्या ९० देण्यांसाठी उरतात ५०, म्हणजे रुपयाला साधारण साडेपंचावन्न पैसे. ठेव नसती, तर सगळ्यांना साठ पैसे मिळाले असते. म्हणून बुडालेल्या कंपनीची देणीघेणी मिटवणाऱ्या लिक्विडेटरला खास ठेवी अजिबात आवडत नाहीत, आणि म्हणूनच शेड्यूलमध्ये रकान्यांच्या दोन जोड्या वेगळ्या असतात. पहिल्या जोडीतला पैसा सगळ्यांचा. दुसऱ्या जोडीतल्या पैशावर कुणाचा तरी आधीच हात पडलेला आहे, हे ताळेबंद वाचणाऱ्याला कळावं यासाठी.

निकालाचं आणखी एक फळ म्हणजे जशास तसे कायदे. तुमच्या राज्यात आमच्या कंपनीवर जेवढा कर, जेवढी ठेव, जेवढी फी, तेवढंच ओझं आम्ही तुमच्या कंपनीवर टाकणार. आपल्या १९३८च्या कायद्यातही कलम ६२ मध्ये परदेशी विमा कंपन्यांवर अशीच परतफेड करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला होता. अमेरिकेत १९८१ मध्ये ओहायोच्या एका कंपनीने कॅलिफोर्नियाच्या असल्या कराला आव्हान दिलं आणि हरली. कोर्टाचं म्हणणं असं, की दुसऱ्या राज्याला जास्त कर लावण्यापासून परावृत्त करणं हा रास्त हेतू आहे. जशास तसेचा एक अनपेक्षित फायदाही झाला : आपल्या कंपन्यांना बाहेर मार बसेल या धास्तीने राज्यं फार ताणत नाहीत.

उलटलेला डाव

पॉलचा निकाल विमाधंद्याच्या विरोधात गेला होता. पण काही वर्षांत धंद्याच्या लक्षात आलं की विमा हा आंतरराज्य व्यापार नसेल, तर १८९० चा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदाही आपल्याला लागू नाही. जी बेडी वाटली होती ती ढाल निघाली. मग आगविमा कंपन्या संघटना करून दर एकत्र ठरवत राहिल्या. अटलांटाच्या साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स असोसिएशनमध्ये जवळजवळ २०० कंपन्या होत्या आणि सहा राज्यांतल्या आगविम्याच्या सुमारे ९० टक्के धंद्यावर त्यांचा ताबा होता. त्या सहांत व्हर्जिनियाही होतं.

केंद्र सरकारने खटला भरला, तेव्हा बचावात पॉलचाच निकाल फडकवला गेला. १८६६ मध्ये ‘विमा हा व्यापार आहे’ म्हणणारा धंदा आता ‘नाही हो, व्यापार कसला’ म्हणत होता. ५ जून १९४४ रोजी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताचा निकाल लिहिला : राज्यांच्या सीमा ओलांडून चालणारा धंदा काँग्रेसच्या अधिकाराबाहेर असू शकत नाही, आणि विम्याचा अपवाद करता येणार नाही.

पन्नास खिडक्या तेव्हाच बंद व्हायच्या. झाल्या नाहीत. नऊ महिन्यांत, ९ मार्च १९४५ रोजी, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा आला. विमा हा व्यापार आहे खरा, पण त्याचं नियमन राज्यांनीच करावं अशी काँग्रेसचीच इच्छा आहे, असं त्यात म्हटलेलं. फील्ड यांचा तर्क गेला आणि त्यांनी उभी केलेली व्यवस्था मात्र तशीच राहिली, आता काँग्रेसच्या शिक्क्यासह.

एक मर्यादा तेवढी पुढे आखली गेली. अलाबामा घरच्या कंपन्यांच्या हप्त्यांवर १ टक्का कर घेत असे आणि बाहेरच्यांच्या हप्त्यांवर ३ ते ४ टक्के. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की केवळ घरचा धंदा वाढावा म्हणून बाहेरच्याला जास्त कर लावणं समान संरक्षणाच्या तत्त्वात बसत नाही. व्हर्जिनियाच्या १८६६च्या ठेवीतला तो दुसरा, जकात नाक्याचा हेतू कोर्टाने नाव घेऊन नाकारायला पॉलच्या निकालापासून ११६ वर्षं गेली.

आणि खरे परदेशी

‘एलियन’ कंपन्यांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने १९३९ मध्ये अमेरिकन पॉलिसीधारकांसाठी डॉलरमध्ये एक विश्वस्त निधी स्थापन केला. समुद्रापलीकडे युद्ध पेटलं तरी इथला पैसा इथे राहील, हा दिलासा. तत्त्व पीटर्सबर्गचंच, फक्त तिजोरी राज्याच्या ट्रेझररऐवजी विश्वस्तांकडे.

पुनर्विम्यात तर अलीकडेपर्यंत नियम कडक होता. इथे परवाना नसलेल्या परदेशी पुनर्विमा कंपनीकडे अमेरिकन कंपनीने जोखीम सोपवली, तर ताळेबंदात आपली देणी तेवढी कमी दाखवता यायला त्या परदेशी कंपनीने देण्याच्या १०० टक्के तारण इथे ठेवायला हवं, विश्वस्त निधी किंवा बँकेच्या हमीपत्राच्या (लेटर ऑफ क्रेडिटच्या) रूपात. युरोपीय कंपन्या कित्येक वर्षं याविरुद्ध तक्रार करत होत्या. २०११ पासून तारण टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मुभा आली. २०१७ मध्ये युरोपीय संघाशी आणि २०१८ मध्ये ब्रिटनशी करार होऊन पुरेशा भक्कम कंपन्यांसाठी तारणाची अट सुटली. तिच्या जागी काय आलं? पुरेसं भांडवल, सॉल्व्हन्सीचं प्रमाण, वेळेवर पैसे देण्याचा इतिहास, आणि इथल्या कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं लेखी वचन. शेवटच्या कलमापाशी मी नेहमी थांबते. गोदामवाल्याला ५०,००० डॉलरचे रोखे हवे होते ते मुख्यतः न्यूयॉर्कच्या कोर्टात जावं लागू नये म्हणून. ते कागदावर मिळालं तर रोखे कशाला अडकवायचे?

आम्ही मात्र अडकवतोच. राज्यांच्या ठेवींच्या ओळी अजून तशाच आहेत.

सही आल्याचा मेल पोचला तेव्हा इथे दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे मुंबईत रात्रीचे दीड. मी बाबांना व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवलं : नवा रोखा लागला, जुना सुटला, काम झालं. सकाळी उठल्याउठल्या त्यांचं उत्तर आलं.

“जुन्या ठेवीची पावती रद्द करून घेतलीस का? आणि नवीची?”